केमिकल पील आणि आपली गव्हाळ त्वचा

पुण्या-मुंबईतल्या स्किन क्लिनिकच्या दरपत्रकावर पीलची नावं अशी असतात: ग्लो पील, पार्टी पील, ब्रायडल पील, अँटी-टॅन पील. नावावरून बाटलीत काय आहे ते कळत नाही. बाटलीत असतं आम्ल. कधी ग्लायकॉलिक, कधी सॅलिसिलिक, कधी मँडेलिक, कधी ट्रायक्लोरोॲसिटिक. ते किती टक्के आहे, किती तीव्र आहे आणि चेहऱ्यावर किती वेळ राहणार आहे, यावर त्या पीलचं बरंवाईट ठरतं. पैसे आपले आणि चेहराही आपला, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी एवढं तरी समजून घ्यायलाच हवं.

पील म्हणजे मोजूनमापून केलेली इजा. चेहऱ्याची बाह्यत्वचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत मरतात आणि शेवटी सपाट पापुद्रे होऊन गळून पडतात. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढतं तसा तो लांबतो, पापुद्रे वरच्या वर रेंगाळतात, चेहरा निस्तेज आणि खरखरीत दिसू लागतो. आम्ल लावलं की पापुद्र्यांना धरून ठेवणारे दुवे सुटतात. आम्ल जास्त जोरदार असेल तर खालच्या जिवंत पेशीही मरतात. मग शरीर एरवी जखम भरून काढतं तसंच इथेही कामाला लागतं आणि खालून नवी त्वचा वर आणतं. इजा बाह्यत्वचेच्या पलीकडे, आंतरत्वचेपर्यंत पोचली तर तिथे नवं कोलॅजनही तयार होतं. सुरकुत्या आणि खड्डे भरून येतात ते त्यामुळे.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञ पीलचे प्रकार आम्लाच्या नावावरून पाडत नाहीत, इजा किती खोल जाते त्यावरून पाडतात. वरवरचं पील बाह्यत्वचेतच थांबतं. मध्यम पील आंतरत्वचेच्या वरच्या थरापर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही आत थांबतं. खोल पील त्याच्या थोडं खाली, सुमारे ०.६ मिलिमीटरपर्यंत जातं. मध्यम आणि खोल यांत अंतर किती थोडं आहे बघा. चेहरा उजळणं आणि चेहऱ्यावर कायमचा व्रण राहणं, यांच्यात एवढंच अंतर आहे. एकच आम्ल, त्याचा टक्का, वेळ किंवा लावलेल्या हातांची (थरांची) संख्या बदलली की, एका गटातून दुसऱ्या गटात जातं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता आपल्या त्वचेबद्दल. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते, यावरून तिची वर्गवारी मांडली. पुढे तिच्यात गडद त्वचेचे गट जोडले गेले आणि आज ती एक ते सहा अशी वापरली जाते. गव्हाळ, सावळी, काळीसावळी अशी बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या-पाचव्या गटात मोडते. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारखीच असते. आपल्याकडे त्या पेशी जास्त कामसू असतात आणि रंगद्रव्याचे कण मोठे असतात. उन्हापासून आपलं बरंच रक्षण त्यामुळेच होतं. पण याच पेशींना दाह सहन होत नाही. मुरूम फुटलं, डास चावला, चटका बसला की त्या जागी काळा डाग राहतो, हा आपल्यापैकी प्रत्येकाचा अनुभव आहे. पीलसुद्धा दाहच निर्माण करतं. ते गरजेपेक्षा खोल गेलं, तर जो डाग घालवायला गेलो त्याहून मोठा डाग घेऊन परत येण्याची पाळी येते.

पीलची बरीचशी पाठ्यपुस्तकं गोऱ्या, उन्हाने सुरकुतलेल्या चेहऱ्यांवरच्या अनुभवातून लिहिली गेली. आपल्याकडची मुख्य तक्रार सुरकुत्यांची नसते. ती वांगाची, मुरमांच्या काळ्या डागांची आणि खड्ड्यांची असते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये पीलसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, ती म्हणूनच महत्त्वाची. त्यांचा रोख सावधगिरीचा आहे: सावळ्या त्वचेवर वरवरची पील पुन्हा पुन्हा करणं बरं, मध्यम पील जपून, आणि खोल पील जवळजवळ नाहीच. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. एकाच बैठकीत चमत्कार दाखवू म्हणणाऱ्याकडे आपल्या रंगाच्या माणसाने जाऊच नये. आणि पीलने जन्माचा रंग बदलत नाही. डाग फिके होतील, निस्तेजपणा जाईल, पोत सुधारेल. सावळी मुलगी गोरी होणार नाही, आणि तसं आश्वासन देणारा तिला फसवत असतो.

वरवरच्या पीलमध्ये सर्वांत जास्त वापर ग्लायकॉलिक आम्लाचा. हे अल्फा हायड्रॉक्सी आम्लांपैकी एक. आंबलेल्या दुधातलं लॅक्टिक, सफरचंदातलं मॅलिक, द्राक्ष-चिंचेतलं टार्टारिक ही त्याच घराण्यातली. अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी १९७४ मध्ये माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या आजारावर या आम्लांचा उपयोग होतो असं दाखवलं, आणि तिथून ती सौंदर्योपचारात आली. ग्लायकॉलिक आम्ल उसात असतं, म्हणून जाहिरातीत त्याचं 'उसापासूनचं नैसर्गिक' असं वर्णन हमखास येतं. प्रत्यक्षात बाजारातलं बरंचसं ग्लायकॉलिक कारखान्यात रसायनांपासूनच बनतं, आणि त्यात वाईट काही नाही. ते उसातून आलं काय, कारखान्यातून आलं काय, ७० टक्क्यांचं ग्लायकॉलिक चेहरा भाजू शकतं.

या आम्लाचा रेणू घराण्यात सर्वांत लहान, म्हणून ते भराभर आत शिरतं. क्लिनिकमध्ये ते साधारण ३० ते ७० टक्क्यांपर्यंत वापरतात. पण बाटलीवरचा टक्का अर्धीच माहिती देतो. उरलेली अर्धी सामू, म्हणजे पीएच, सांगतो. पीएच ३.८ च्या आसपास असेल तर त्यातलं निम्मंच आम्ल मोकळं असतं, आणि काम मोकळं आम्लच करतं. पीएच एकच्या जवळ असेल तर जवळजवळ सगळंच मोकळं. म्हणजे दोन बाटल्यांवर ५० टक्केच लिहिलेलं असलं तरी एक सौम्य आणि दुसरी जहाल असू शकते. पार्लरमध्ये 'आमचं पन्नास टक्क्यांचं आहे, काही होत नाही' असं सांगतात, तेव्हा त्या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

ग्लायकॉलिकची बैठक कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी चेहरा धुतात, मग स्पिरिट किंवा ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून तेलकटपणा काढतात. तेल राहिलं तर आम्ल कुठे कमी, कुठे जास्त शिरतं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे या जागी आम्ल साचतं, म्हणून तिथे व्हॅसलीन लावतात. मग ब्रशने आधी कपाळ, नंतर गाल, हनुवटी, आणि नाजूक जागा शेवटी. घड्याळ सुरू होतं. मुंग्या येतात, चुणचुण होते, मग चांगली आग होते. सहायक छोटा पंखा समोर धरते. डॉक्टर घड्याळ बघतात, पण चेहऱ्याकडे जास्त बघतात. सगळीकडे सारखी गुलाबी झाक येणं अपेक्षित असतं. एखाद्या जागी अचानक करडा-पांढरा ठिपका दिसला तर तिथे बाह्यत्वचा सुटायला लागली असं समजायचं, आणि वेळ उरला असला तरी तेवढ्या जागेवर लगेच उतारा लावायचा. उतारा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचं पाणी. ते पडताच आम्लाशी संयोग होऊन फेस येतो, आणि आग थांबते. हा उतारा लावण्याची वेळ ओळखणं, यातच खरं कसब आहे. ग्लायकॉलिक आपणहून थांबत नाही. ते थांबवावं लागतं.

लॅक्टिक आम्ल याच घराण्यातलं पण जरा सौम्य, कोरड्या त्वचेला मानवणारं. मँडेलिक आम्ल कडू बदामाशी नातं सांगतं. त्याचा रेणू ग्लायकॉलिकच्या दुप्पट वजनाचा, त्यामुळे ते सावकाश आणि सगळीकडे सारखं मुरतं. आग कमी, डागाची भीती कमी. सावळ्या, नाजूक किंवा पहिल्यांदाच पील करणाऱ्या चेहऱ्यासाठी मला ते सर्वांत समंजस निवड वाटते.

सॅलिसिलिक आम्लाची चाल वेगळी. ते तेलात विरघळतं. त्यामुळे तेलकट रंध्रांत उतरून आतला मळ आणि पापुद्र्यांचं बूच सैल करतं. ब्लॅकहेड, व्हाइटहेड, मुरमं यांवर म्हणूनच ते हुकमी. पायाच्या भोवरीवर लावतात त्या कॉर्न कॅपमध्येही तेच असतं. पीलसाठी २० ते ३० टक्क्यांचं, अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं वापरतात. लावल्यावर अल्कोहोल उडून जातं आणि चेहऱ्यावर आम्लाची पांढरी पूड उरते. ती पाहून पेशंट घाबरतो, पण ती त्वचा जळाल्याची खूण नसते. पूड धरली की आम्ल आणखी आत जात नाही, म्हणून वेगळा उतारा लागत नाही. त्याचा दाह शमवण्याचा गुण आपल्या त्वचेच्या फायद्याचा. हे ॲस्पिरिनचं भावंड असल्याने ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळायचं. चेहरा, पाठ, छाती एकाच दिवशी उरकून घेण्याचा मोहही नको. मोठ्या भागातून आम्ल रक्तात गेलं तर कानात आवाज येणं, चक्कर येणं असे त्रास होतात.

जेसनर द्रावण म्हणजे सॅलिसिलिक, लॅक्टिक आणि रिसॉर्सिनॉल प्रत्येकी १४ ग्रॅम, इथेनॉलमध्ये मिळून १०० मिलिलिटर. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ मॅक्स जेसनर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यांचा हेतू साधा होता: प्रत्येक घटक थोडा घेतला की एकाचाही दुष्परिणाम फार होत नाही. किती हात दिले यावर ते किती खोल जातं हे ठरतं.

ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल, टीसीए, इथून मामला गंभीर होतो. हॅम्बुर्गचे पॉल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक, रिसॉर्सिनॉल आणि फिनॉलबरोबर याचेही त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले होते. टीसीए पेशींमधली प्रथिनं गोठवतं आणि चेहरा पांढरा पडतो. डॉक्टर याला फ्रॉस्टिंग म्हणतात. आरशावर वाफ धरावी तसं हे फ्रॉस्टिंग आधी पुसट, तुटक दिसतं, मग सलग होतं. पुसट पांढरेपणात मागची लाली दिसत असेल तर काम बाह्यत्वचेपुरतं आहे. सलग पांढरेपणातूनही थोडी लाली जाणवत असेल तर मध्यम. लाली पूर्ण नाहीशी होऊन चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला तर आम्ल आंतरत्वचेत चांगलंच उतरलं आहे. टीसीएला उतारा नाही. पाण्याच्या पट्ट्यांनी आग कमी वाटते, पण झालेलं काम पुसलं जात नाही. म्हणून ते एक हात देऊन, काही मिनिटं थांबून, फ्रॉस्टिंग पाहूनच दुसरा हात देत लावायचं असतं. १० ते २५ टक्क्यांचं वरवर चालतं, ३५ टक्के मध्यम पीलसाठी. ५० टक्क्यांच्या पुढे संपूर्ण चेहऱ्यावर लावलं तर व्रण राहण्याचा धोका फार, म्हणून तसं लावत नाहीत.

मात्र हेच जहाल टीसीए एका ठिकाणी फार उपयोगी पडतं. मुरमांनंतर काही जणांच्या गालावर सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे राहतात. त्यांवर संपूर्ण चेहऱ्याचं पील काही करू शकत नाही. २००२ मध्ये कोरियन डॉक्टरांनी ६५ ते १०० टक्क्यांचं टीसीए टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. क्रॉस हे तिचं नाव. आजूबाजूची त्वचा शाबूत राहते, खड्डा तळातून कोलॅजनने भरत येतो. एका बैठकीत होत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा करावी लागते. सावळ्या त्वचेवरही ही पद्धत वापरली जाते, कारण इजा तेवढ्या बिंदूपुरतीच असते. पण टोक जरा घसरलं तर खड्डा रुंद होतो, हेही खरं.

राहिलं फिनॉल. याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. न्यूयॉर्कचे जॉर्ज मॅकी १९०३ पासून मुरमांच्या व्रणांवर फिनॉल वापरत होते. पुढे अमेरिकेत वैद्यकीय पदवी नसलेल्या सौंदर्यतज्ज्ञांनी त्याच्या गुप्त पाककृती बनवल्या आणि हॉलिवूडच्या आसपास त्यांचा चांगला धंदा चालला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मायामीचे प्लास्टिक सर्जन थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन यांनी डॉक्टरांसाठी नेमकं सूत्र छापलं: ८८ टक्के फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रवरूप साबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचं तेल. पोट साफ करायला जमालगोटा दिला की काय गत होते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. चेहऱ्यावरही त्याचा स्वभाव तोच. कित्येक दशकं सगळं श्रेय फिनॉलला दिलं गेलं. २००० मध्ये ग्रेगरी हेटर यांनी प्रमाणं बदलून पाहिली आणि पील किती खोल जाईल हे मुख्यतः त्या जमालगोट्याच्या थेंबांवर ठरतं असं दाखवलं.

फिनॉलने खोल सुरकुत्या खरोखर जातात, आणि परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. पण ते त्वचेतून रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून ईसीजी लावून, सलाइन चालू ठेवून, चेहऱ्याचा एकेक भाग मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं थांबून करायचा असतो. शिवाय रंगद्रव्याच्या पेशी मरून चेहरा संगमरवरासारखा फिका पडतो आणि गळ्यापाशी रंगाची रेघ उमटते. गोऱ्या चेहऱ्यावर ते एकवेळ खपून जातं, आपल्यावर नाही. २०२४ च्या जूनमध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोत एका सौंदर्य क्लिनिकमध्ये फिनॉल पीलनंतर एका तरुणाचा मृत्यू झाला, आणि त्याच महिन्यात तिथल्या औषध नियामक संस्थेने असल्या उपचारांसाठी फिनॉलच्या विक्री आणि वापरावर बंदी घातली.

पील चांगलं होणं आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या काळजीवर अवलंबून असतं. आधी दोन ते चार आठवडे डॉक्टर रात्री लावायचं क्रीम देतात, आणि सनस्क्रीन सुरू करायला सांगतात. पीलच्या काही दिवस आधी ते क्रीम बंद होतं. थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्सिंग, स्क्रब त्या आठवड्यात नको. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ओठावर तापाचे फोड उठत असतील, जखमेवर मांस वाढण्याची प्रवृत्ती असेल, तर ते न विचारताही सांगायचं. पीलनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाभोवती पापुद्रे सुटायला लागतात. ते नखाने ओढायचे नाहीत, कारण अर्धवट सुटलेला पापुद्रा ओढला की खालची कच्ची त्वचा उघडी पडते आणि नेमका तिथेच डाग राहतो. साधं मॉइश्चरायझर आणि किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. दुचाकीवर फिरणाऱ्यांनी स्कार्फ आणि सनस्क्रीन दोन्ही वापरायचं. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातलं काम असेल तर पील पुढे ढकललेलंच बरं.

लग्नाच्या मोसमात एक चूक सर्रास होते. लग्न आठ दिवसांवर आलं की 'एक पील करून टाकू' म्हणून नवरा-नवरी येतात. मांडवात पापुद्रे सुटत असतात, आणि कच्च्या त्वचेवर बेसन-हळदीचा लेप घासला जातो. आयुष्यातलं पहिलं पील लग्नाच्या तीन-चार महिने आधी, आणि शेवटचं वरवरचं पीलसुद्धा निदान तीन आठवडे आधी व्हायला हवं. बैठका दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, बहुधा चार ते सहा लागतात. एवढा वेळ हाताशी नसेल तर पील करू नये, नुसतं सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर पुरे.

घरी पील करू पाहणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. ऑनलाइन आज टीसीएची बाटलीसुद्धा घरपोच मिळते. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशी तीव्र पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका, असा जाहीर इशारा दिला. रासायनिक भाजणं, सूज आणि व्रण ही कारणं त्यात होती. कमी टक्क्यांचं ग्लायकॉलिकचं क्रीम किंवा २ टक्के सॅलिसिलिकचा फेसवॉश घरी चालतो. त्यापुढची बाटली घरी नको. आणि लिंबूही निरुपद्रवी नाही. त्याच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि सालीतली काही द्रव्यं त्वचेवर राहून ऊन लागलं तर फोड येऊन काळे चट्टे पडतात.

वांगासाठी पील करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. वांगाचं मूळ संप्रेरकांत, आनुवंशिकतेत आणि उजेडात असतं. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ते उमटतं, आणि नुसत्या दृश्य प्रकाशानेही गडद होतं. म्हणून वांग असलेल्यांना लोहाची ऑक्साइडं असलेलं, रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी. पील इथे क्रीमच्या जोडीला मदत करतं, एकट्याने काही करत नाही, आणि ऊन टाळलं नाही तर गेलेलं वांग परत येतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं गोरेपणाचं क्रीम महिनोन्‌महिने लावलेल्या चेहऱ्यावर तर पील करूच नये. ती त्वचा पातळ, लालसर आणि हळवी झालेली असते. आधी ते क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवायचं.

पीलनंतर एखाद्या जागी लाली आठवडाभराने कमी होण्याऐवजी वाढत असेल, खाज सुटत असेल किंवा तपकिरी छटा धरू लागली असेल, तर पुढची बैठक रद्द करून लगेच दाखवायचं. या टप्प्यावर दाह शमवला तर बहुतेक वेळा डाग पक्का होण्याआधीच आटोक्यात येतो. तो घालवायला आणखी एक पील, हा सर्वांत वाईट उपाय. डाग बाह्यत्वचेत असेल तर तपकिरी दिसतो आणि सनस्क्रीन नेमाने लावल्यास काही महिन्यांत फिका होत जातो. करडा-निळसर असेल तर रंगद्रव्य आंतरत्वचेत सांडलेलं असतं. त्याला वर्षही लागू शकतं, कधी त्याहून जास्त.